दुसऱ्या उन्हाळ्यातली कुमुद

"चालू द्या, चालू द्या. मी नाहीच इथे."

छापखान्याचा उंबरठा ओलांडताना मास्तर हे म्हणत, डोक्यावरची काळी टोपी काढत आणि तिच्या आत वाकून पाहत. जणू पुढचं वाक्य तिथे ठेवलेलं असावं. ते नसेच. मग टोपी परत डोक्यावर चढे आणि मास्तर माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर येऊन बसत. अंगाने इतके किरकोळ, की पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचं चाक जोरात फिरलं तर त्याच्या वाऱ्याने मास्तर स्टुलासकट चार बोटं सरकत. तुम्हाला खोटं वाटेल. वाटू द्या. फरशीवरचे ओरखडे मी स्वतः पाहिलेले आहेत.

मी त्या वेळी अमरावतीच्या एका छापखान्यात फोरमन होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपूरहून यायचे, ऊन मात्र आमचं घरचं. मे महिन्यात अक्षरांचे शिशाचे खिळे एवढे तापत, की कंपॉझिटर अक्षर उचलायच्या आधी त्यावर फुंकर घालत. एकदा 'क्ष' उचलताना एकाच्या बोटावर तो उमटला, तो पुढे जन्मभर तसाच राहिला.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. पण वऱ्हाडात त्यांना ओळखलं जाई ते एका पुस्तकामुळे. 'चिखलदऱ्याचा उन्हाळा'. सुट्टीत आईवडिलांबरोबर थंड हवेला गेलेली सोळा वर्षांची कुमुद आणि तिथल्या जंगल खात्यातल्या कारकुनाचा मुलगा मधुकर, यांची गोष्ट. गोष्टीत काय होतं? काही नाही हो. दोघं दरीच्या काठावर बसतात. ती संत्र्याची साल पिळून त्याच्या डोळ्यांत उडवते. तो चिडत नाही. दोनशे पानांत त्याने तिचा हात एकदाच धरला, तोही घसरड्या वाटेवर. पण त्या एका घसरगुंडीवर सगळं वऱ्हाड घसरलं.

मुली ते पुस्तक पोथीचं कव्हर घालून वाचत. एका देवळात म्हणे बुवांनी चुकून तेच पुस्तक उघडलं आणि अर्धं पान वाचून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. ते थांबले, तर बाया म्हणाल्या, "थांबू नका जी, घसरू द्या तिले." हे मला चांदूरच्या स्टेशनमास्तरने सांगितलं. तो माझ्यासारखा अतिशयोक्ती करणारा माणूस नव्हता.

आता यातली गंमत अशी, की मास्तर कधी चिखलदऱ्याला गेलेच नव्हते. दऱ्या, ढग, पायवाटा, पायथ्याचं परतवाडा गाव, सगळं नकाशावरून. पण कुमुद नकाशावरून आली नव्हती. कुमुद त्यांच्या घरात राहत होती.

मास्तरांची मुलगी इंदू. आई लहानपणीच गेलेली, बापलेक दोघंच. पोरगी भिंतीवर चढून शेजारच्या बागेतली संत्री काढायची, शीळ घालायची, आणि कोणी काहीही सांगितलं तरी हनुवटी वर करून आमच्या वऱ्हाडीतला 'का?' तेवढा विचारायची, "काहून?" मास्तरांनी हे सगळं उचलून पुस्तकात ठेवलं. बापाला वाटलं, आपण लेकीचं कौतुक करतोय. शीळ तीच, संत्री तीच, हनुवटी तीच. शुद्ध पुस्तकी भाषा बोलणारी कुमुद मध्येच मधुकरला "काहून?" असं विचारते. अमरावतीतल्या आंधळ्या माणसालासुद्धा कळलं असतं की ही कोण.

कळलंच. मास्तरांना उशिरा कळलं, ते अकोल्याला.

इंदूसाठी अकोल्याचं एक स्थळ चालून आलं होतं. मोठं घर, कापसाची आडत. मुलाचे वडील भाऊसाहेब, भला माणूस, पण पुस्तक वाचलेला. ते मास्तरांना म्हणाले, "मास्तर, पोरगी पसंत हाय. पन लोक म्हन्तात, ते पुस्तकातली पोरगी तुमचीच होय. आता ते पोट्ट्यासंगं डोंगरावर फिरते. दुसरा भाग काढून राहिले ना तुमी? काढा. ते पोरगी पुढं कशी निंगते ते पाहू, मंग बोलू."

जगात कुठेही असं झालं असेल असं मला वाटत नाही. सोयरीक अडून बसली ती पत्रिकेवर नाही, हुंड्यावर नाही, कादंबरीच्या दुसऱ्या भागावर.

मला हे कसं कळलं तेही सांगतो. पुस्तक काढणारे आमच्या छापखान्याचेच मालक. त्यांनी 'दुसरा उन्हाळा' म्हणून दुसऱ्या भागाची जाहिरात करून टाकली होती आणि मास्तरांकडून एक ओळ येईना. मालक तापट. त्यांनी एप्रिलमधल्या एका रविवारी मास्तरांना कागदाच्या कोठीत नेलं, माठ ठेवला, पंखा म्हणून एक पुठ्ठा दिला आणि बाहेरून कडी घातली. "संध्याकाळी उघडतो. मधुकरले दरीच्या काठावर आनल्याशिवाय भाईर येऊ नका." कोठीला एकच खिडकी, तिला गज. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर कागदाच्या रिमांमधून आवाज आला.

"चालू द्या, फोरमन. मी नाहीच इथे."

"मास्तर, काही लिहिलं का?"

"लिहिलं ना. कुमुदला ताप आला."

"आणि मधुकर?"

"त्याला कळवलं नाही."

मग गजाला हात धरून त्यांनी मला अकोल्याचं सगळं सांगितलं. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, टोपी हातात. "मी तिची बदनामी केली हो, फोरमन. स्वतःच्या हाताने, शाईने. मी आज आहे, उद्या नाही. मग तिला कोण? आता मीच तिला नीट घरी आणून बसवतो. या भागात कुमुद अशी वागेल, की अकोल्याच्या देवघरातसुद्धा ते पुस्तक ठेवतील."

"आणि वाचणारे?"

त्यांनी टोपीत पाहिलं. "वाचणाऱ्यांच्या मुलीचं लग्न अडलेलं नाही."

"इंदूला विचारलंत?"

"ती म्हणते मॅट्रिक करायचं. मग नागपूरला कॉलेज. मी म्हटलं, लग्न. तर म्हणाली..."

"काहून?"

"हो. तेच."

छापखान्याची तेव्हाची रीत तुम्हाला माहीत नसेल. आमच्याकडे खिळे एक फर्मा जुळवण्यापुरतेच, म्हणजे सोळा पानांचे. सोळा पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवून परत आपापल्या घरात, म्हणजे लाकडी खणांत, टाकायचे, मग पुढली सोळा. लेखक पुढे लिहितोय आणि मागचं छापून झालंय, असा प्रकार. मागे जाऊन काही बदलायची सोय नाही. एकदा कुमुदला ताप आला की आला; छापलेला ताप उतरवायचा तो पुढच्या फर्म्यात.

तो उतरला. तिसऱ्या फर्म्यात कुमुद लोणचं घालायला शिकली. मोहरी किती, मेथी किती, फोड केवढी, सगळं. मधुकरला मास्तरांनी जबलपूरला शिकायला धाडलं, तिथून तो पत्रं लिहायचा, कुमुदच्या वडिलांना. चौथा फर्मा सगळा चिखलदऱ्याच्या पर्जन्यमानावर. पाचव्यात हळदीकुंकू. सहाव्यात कुमुद खिडकीजवळ गेली तेव्हा माझे कंपॉझिटर उठून उभे राहिले, आता काहीतरी होणार म्हणून. तिने खिडकी लावून घेतली.

आमचा मशीनमन रहीमचाचा. त्याने साऱ्या हयातीत वऱ्हाडातला प्रत्येक पंचांगाचा आणि पत्रिकेचा कागद छापला, कधी तोंड उघडलं नाही. सहाव्या फर्म्याला त्याने मशीन थांबवलं, हात पुसले आणि मास्तरांपुढे येऊन उभा राहिला.

"मास्टरजी, पोरीले भाईर काढा ना जी. आमचा दम घुटून राह्यला."

मास्तर म्हणाले, "बाहेर ऊन आहे, चाचा."

"पहिल्या वक्ताले नव्हतं काय ऊन?"

मास्तरांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि या खेपेला परत घातलीच नाही. हातात धरून घरी गेले.

मालकांनी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, एक दिवस तर डोळ्यांत पाणी आणलं. "मास्तर, आख्खं वऱ्हाड वाट पाहून राह्यलं अन् तुमी पापड लाटून राह्यले!" मास्तर ढिम्म. मी तुम्हाला खरं सांगतो, मी मराठीत पुष्कळ वाईट पुस्तकं जुळवली, पण लिहिणाऱ्या बिचाऱ्यांना चांगलं लिहिता येत नव्हतं म्हणून ती वाईट होती. चांगलं लिहिता येत असताना रोज नेमाने वाईट लिहिणारा माणूस मी एकच पाहिला. ते काम सोपं नव्हतं. एखादं वाक्य हातून चांगलं उतरलं की मास्तर ते खोडत. हस्तलिखितात खोडाखोड दिसायची. खोडलेल्या ओळी मी उजेडाकडे धरून वाचायचो. तिथे कुमुद अजून शीळ घालत होती.

आता प्रुफांचं. मजकूर जुळला की कच्चं प्रूफ मास्तरांच्या घरी जाई. ते तपासून खाली 'छापा' असं लिहून सही करत. सही झाली की ब्रह्मदेव आला तरी त्यात एक टिंब बदलायचं नाही, हा छापखान्याचा कायदा. त्या उन्हाळ्यात मास्तरांचे डोळे आले होते. लाल, चिकटलेले. लिहिणं कसंबसं होई, पण प्रुफाची बारीक अक्षरं लागत नसत. मग इंदू प्रूफ मोठ्याने वाची, मास्तर डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून ऐकत आणि तिने बोट ठेवलं तिथे सही करत. विचार करा तुम्ही. आपल्याला घरात कसं कोंडलं जातंय, ते त्या पोरीने फर्म्याफर्म्याने बापाला वाचून दाखवलं. एका अक्षराने बोलली नाही.

शेवटच्या फर्म्याचं प्रूफ तिने स्वतः आणून दिलं. भर दुपारी, छत्री लावून. मी पाहिलं. शेवटच्या पानावर मास्तरांचं वाक्य होतं: 'वडिलांनी पुण्याच्या स्थळाची गोष्ट काढताच कुमुदने मान खाली घातली व मूकपणे होकार दिला.' त्यावर फूटपट्टी लावून सरळ एक रेघ मारलेली, आणि समासात नवा मजकूर, किरट्या बायकी अक्षरात:

'कुमुदने मान वर केली. "परतवाड्याची पहिली मोटार किती वाजता सुटते?" तिने विचारले, आणि कोणी उत्तर देण्याआधीच ती पायऱ्या उतरली होती.'

खाली 'छापा'. खाली सही.

"हे मास्तरांनी केलं?"

"सही कोणाची आहे, काका?"

"सही त्यांचीच दिसते."

"मग काहून विचारता?"

हनुवटी वर होती, पण छताखाली येऊनही छत्री मिटायची राहिली होती. मी तिला पाणी दिलं. मग स्वतः खिळ्यांच्या घराजवळ उभा राहून ती दोन वाक्यं जुळवली, कोणा कंपॉझिटरला दिली नाहीत. कायदा म्हणजे कायदा. जन्मभरात मी तेवढा एकच कायदा अक्षरशः पाळला.

पुस्तक निघालं. लोकांनी पहिल्या दिवशी रांग लावून नेलं आणि दुसऱ्या दिवशी रांग लावून परत आणलं. परतवाड्याहून एकाने पोस्टकार्ड लिहिलं, 'हा दुसरा उन्हाळा नसून चातुर्मास आहे.' एका कॉलेजातल्या पोरांनी म्हणे मधुकरच्या नावाने सुतक पाळलं. यवतमाळच्या एका बाईंनी मात्र कळवलं, की लोणचं छान झालं. बहुतेकांनी पुस्तक मध्येच टाकलं, त्यामुळे शेवटचं पान फार थोड्यांनी पाहिलं. मास्तरांनी तर पाहिलंच नाही. स्वतःचं छापून आलेलं पुस्तक ते कधी उघडत नसत.

त्यांनी सगळी थट्टा ऐकून घेतली. शाळेतली पोरं फळ्यावर कैरी काढून ठेवत, ते ती पुसून नद्या काढत. भाऊसाहेबांचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा हसले. 'पुस्तक वाचून होत आलं. फार उत्तम. भेटीस यावे.' मला म्हणाले, "चला फोरमन, अकोल्याला. एकट्याने आनंद सोसायचा नाही मला."

मी टोपी घातली आणि गेलो. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत मास्तर लग्नाचं बोलत होते आणि मी खिडकीबाहेरची काळी शेतं मोजत होतो.

भाऊसाहेब गादीवर बसले होते. मागे सरकीची पोती, पुढे पानाचं तबक. मांडीवर पुस्तक. आमची पुस्तकं तेव्हा घड्या न कापताच जात. वाचणाऱ्याने सुरीने पानं फाडत वाचायचं. भाऊसाहेब सुरीऐवजी अडकित्ता वापरत. सुपारीही त्यानेच, पानंही त्यानेच.

"वा मास्तर, वा! पोरगी सुधरली. ते लोनचं तं आमच्या घरी वाचून घातलं. आमचा पोट्टा म्हन्ते मजा नाही आली. मी म्हनलं, मजा घेऊन संसार होते काय? शेवटचीच घडी राह्यली. म्हनलं, मास्तरच्या समोरच फाडू."

आणि अडकित्ता घडीत घातला.

मी तुम्हाला सांगतो, अकोल्यातलं सगळं ऊन त्या क्षणी माझ्या मानेवर येऊन बसलं. भाऊसाहेब एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले. पुण्याचं स्थळ आलं. वडील बोलले. मास्तरांनी डोळे मिटून मान डोलवली. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं.

"कुमुदने... मान... वर केली."

मास्तरांचे डोळे उघडले.

भाऊसाहेबांनी उरलेलं वाचलं. पायऱ्या उतरून झाल्या.

"हे काय होय, मास्तर?"

मास्तरांनी हात पुढे केला. पुस्तक डोळ्यांशी नेऊन त्यांनी ती दोन वाक्यं वाचली. पुन्हा वाचली. मी घसा साफ केला. फोरमनला शोभेल असं एक खोटं मी वाटेत तयार करून ठेवलं होतं. "भाऊसाहेब, त्याचं असं झालं, ही आमची छापखान्याची..."

"हो का?" भाऊसाहेब लगेच म्हणाले. माणूस भला होता, मी सुरुवातीलाच सांगितलं. "छपाईची चूक असंन तं सांगा, मास्तर. तुमच्या तोंडानं सांगा, आपन इथंच पान खाऊ. ही ओळ तुमची नाही ना?"

एवढंच करायचं होतं. नाही म्हणायचं. कोठीतला उन्हाळा, परत आलेली पुस्तकं, फळ्यावरच्या कैऱ्या, सगळ्याचं चीज एका 'नाही'त होतं. मास्तरांनी सवयीने डोक्याकडे हात नेला. टोपी काढली, पण आत पाहिलं नाही.

"ओळ माझी नाही," ते म्हणाले. "पण चूकही नाही, भाऊसाहेब. माझ्या घरचीच आहे."

भाऊसाहेबांनी अडकित्ता मिटला. "मंग ते मोटार आमच्या दाराशी थांबनार नाही, मास्तर."

"नाही थांबायची," मास्तर म्हणाले आणि नमस्कार करून उठले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सही तुमची होती, मास्तर."

"हं." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "सगळ्या पुस्तकात तेवढंच बरं उतरलंय. 'उतरली होती.' उतरली नाही, उतरली होती. आपण पाहीपर्यंत ती गेलीच. मला नसतं सुचलं."

आणि मास्तर रडायला लागले. समोरच्या बाकावरच्या बाईला वाटलं, घरात कोणी गेलं. तिने त्यांना डब्यातली भाकरी काढून दिली. त्यांनी ती रडत रडत सगळी खाल्ली.

घरी इंदू दारात उभी होती. पांढरीफटक. तिला वाटलं होतं, आता मार किंवा अबोला. मास्तर तिच्या जवळून आत गेले, खुंटीला कोट अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मॅट्रिकचा अर्ज कुठल्या महिन्यात भरतात, विचारून ठेव."

मॅट्रिक झालं. पुढल्या जूनमध्ये तिला नागपूरला पोचवायचं ठरलं, तर म्हणाली, पोचवायचं कशाला, मी जाईन. बडनेऱ्याच्या फलाटावर मीही गेलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी, बायकांचा डबा. गाडी हलेपर्यंत मास्तर तिला वर्ध्यापर्यंतच्या सगळ्या नद्यांची नावं सांगत होते. ती "हो बाबा, हो बाबा" म्हणत होती. मग गाडी हलली आणि तिने हात केला, पण मास्तरांना दिसला की नाही कोण जाणे; त्यांचे डोळे त्या उन्हाळ्यानंतर कधी धड झाले नाहीत.

धूरसुद्धा विरला तरी ते तिथेच उभे. तेवढ्यात पुलावरून दोन मुली उतरल्या, वेण्या घातलेल्या, हातात शाळेचं दप्तर. त्यांनी आपसांत ढोसाढोसी केली आणि एक धीट पुढे आली.

"तुमी कुमुदवाले मास्तर ना जी?"

"हो."

"तिसरा भाग कवा निंगते? मधलं सारं बेकार होतं, पन शेवटी ते जाते ना, मंग पुढं काय होते तिचं?"

मास्तरांनी हात वर करून रूळ दाखवले, चांदूरच्या बाजूला गेलेले.

"आत्ताच गेली ती, बाळ," ते म्हणाले. "पुढचं काही सांगून नाही गेली."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, त्याही मास्तरांच्या शेजारी उभ्या राहून तिकडे पाहू लागल्या.